हॅम्लेटला कचखाऊ म्हणणाऱ्यांनो...

निवडणुका जवळ आल्या की कोणीतरी नेता या पक्षात राहू की त्या पक्षात जाऊ असं करत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी अग्रलेखात त्याचा 'हॅम्लेट' झालेला असतो. मला या वापराचा मनापासून राग आहे. नेत्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांचं त्यांना लखलाभ. पण हॅम्लेटनं कोणाचं काय घोडं मारलंय?

'हॅम्लेट म्हणजे निर्णय घेता न येणारा माणूस' हे आपण शाळा-कॉलेजात इतक्या वेळा ऐकलेलं असतं की नाटक न वाचताही ते पाठ असतं. याला मोठमोठ्यांचा आधार आहे, हेही खरं. गटेला तो ओकचं रोप लावलेल्या महागड्या नाजूक कुंडीसारखा वाटला. झाड वाढणार आणि कुंडी फुटणार. कोलरिजला वाटलं, हा विचार फार करतो. फ्रॉईड आणि त्याचा शिष्य अर्नेस्ट जोन्स यांनी आईविषयीची इडिपसची गाठ शोधून काढली. टी. एस. इलियटनं १९१९ साली नाटकच फसलंय असा निकाल दिला. आणि लॉरेन्स ऑलिव्हिएनं १९४८च्या आपल्या चित्रपटात सुरुवातीलाच निवेदनातून सांगून टाकलं, की ही मनाचा निश्चय न करू शकलेल्या माणसाची शोकांतिका आहे. म्हणजे प्रेक्षकानं स्वतः काही ठरवण्याची सोयच ठेवली नाही.

या सगळ्यांना मला एकच साधा प्रश्न विचारायचा आहे. त्या रात्री बापाचं भूत सगळं सांगून निघून गेलं. उजाडलं. आता या मुलानं नक्की करायला काय हवं होतं?

खून झाला तर आपण कुठे जातो? पोलिसांकडे, मग कोर्टात. डेन्मार्कमध्ये सगळ्यात वरचं कोर्ट म्हणजे राजा, आणि राजा म्हणजे क्लॉडियस, म्हणजेच खुनी. बरं, तो गादी बळकावून बसलाय असंही म्हणता येत नाही, कारण नाटकातल्या डेन्मार्कमध्ये राजा निवडला जातो आणि त्याला रीतसर निवडलेलं आहे. दरबार त्याच्या बाजूचा, आई त्याची बायको. साक्षीदार एकच, तोही मेलेला. आणि तो साक्षीदार तरी खरा कशावरून? इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चनं परगेटरी, म्हणजे पापं जळून जाईपर्यंत आत्म्यानं थांबायची जागा, अधिकृतपणे अमान्य केलेली होती. मग बापाचा आत्मा तिथून परत आला कसा? सैतान बापाचं रूप घेऊन आला असेल, ही शंका त्या काळच्या प्रेक्षकाला मुळीच पुस्तकी वाटली नसती. हॅम्लेट तर विटेनबर्गला शिकलेला, म्हणजे खुद्द ल्यूथरच्या विद्यापीठात. एका भुताच्या शब्दावर काकाच्या पोटात तलवार खुपसणारा माणूस तुम्हाला खरंच जास्त शहाणा वाटला असता का?

म्हणून तो पुरावा गोळा करतो. नाटक्यांकडून खुनाचा प्रसंग करवून घेतो आणि काकाचा चेहरा बघत बसतो. काका उठून जातो. हॅम्लेटची खात्री पटते, पण दरबारानं काय पाहिलं? त्या नाटकातला खुनी हा राजाचा पुतण्या आहे. म्हणजे दरबाराच्या लेखी एका पुतण्यानं भर सभेत काकाला धमकी दिली, बस्स. त्यानंतर क्लॉडियस प्रार्थनेला बसून गुन्हा कबूल करतो. तो कबुलीजबाब ऐकतो कोण? तुम्ही आणि मी. हॅम्लेट ऐकत नाही. आपल्याला सगळं माहीत असतं म्हणून आपण खुर्चीत बसून 'अरे मार ना आता!' म्हणतो. आपल्या माहितीच्या जोरावर त्याला भित्रा ठरवणं हा तर शुद्ध अन्याय आहे.

(त्या प्रार्थनेच्या वेळी तो काकाला का सोडतो, त्याचं कारण मात्र भयंकर आहे, त्यावर पुढे बोलू.)

आता थोडं मागे जातो, कारण हॅम्लेट एकटा आकाशातून पडलेला नाही. त्याच्या आधी साधारण १५८७च्या सुमारास थॉमस किडनं 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' लिहिलं. छापील प्रत १५९२ची. लंडनच्या रंगभूमीवर सूडनाटकांची लाट आली ती या नाटकामुळे. आपल्याकडे ते फारसं कोणी वाचत नाही. वाचावं. भाषा जड आहे, खून मोजता मोजता बोटं संपतात, पण मधोमध जो माणूस उभा आहे तो विसरता येत नाही.

हिएरोनिमो हा स्पेनचा नाइट मार्शल, म्हणजे दरबारचा न्यायाधीश. दुसऱ्यांचे तंटे सोडवणं हाच त्याचा धंदा. एका रात्री आरडाओरडा ऐकून तो बागेत धावतो आणि त्याला स्वतःच्या मुलाचं प्रेत लटकलेलं दिसतं. मारणारे दोघं. एक राजाचा पुतण्या लोरेन्झो, दुसरा पोर्तुगालचा राजपुत्र, ज्याच्या लग्नावर दोन देशांचा तह टिकून आहे. थोडक्यात, ज्यांच्या केसाला धक्का लागणं राज्याला परवडणार नाही असे दोघं. राजपुतण्याची बहीण हिएरोनिमोला रक्तानं चिठ्ठी लिहून नावं कळवते. आणि हिएरोनिमो काय करतो? थांबतो. हा सापळा असेल, आधी खात्री करून घेऊ, म्हणतो. त्याला कोणी कचखाऊ म्हटलेलं माझ्या वाचनात नाही!

पुढे एका नोकराचा खटला त्याच्याचसमोर येतो. पेड्रिंगानो नावाच्या या नोकरानं लोरेन्झोच्या सांगण्यावरून दुसऱ्या नोकराला मारलेलं असतं. लोरेन्झो त्याला निरोप धाडतो, की घाबरू नकोस, या पोराच्या हातातल्या पेटीत तुझा माफीनामा आहे. पेड्रिंगानो फाशीच्या तख्तावर उभा राहून जल्लादाशी चेष्टामस्करी करतो, कारण पेटी समोर दिसत असते. पेटी रिकामी असते. त्याला लटकवतात. लोक यावर हसले असणार, प्रसंग तसाच लिहिला आहे. पण न्यायासनावर कोण बसलंय ते विसरू नका. स्वतःच्या मुलाच्या खुनाचा न्याय न मिळालेला बाप एका नोकराच्या खुनाचा न्याय चोख करून देतो. कायदा चालू आहे. फक्त तो एका ठराविक उंचीच्या वर चढत नाही.

मग हिएरोनिमो राजाकडे जातो. रीतसर, दाद मागायला. लोरेन्झो मध्ये उभा. राजाला वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. त्याहून वाईट म्हणजे नंतर काही लोक हिएरोनिमोकडेच आपापले अर्ज घेऊन येतात, कारण याच्याइतका भला न्यायाधीश नाही अशी त्याची ख्याती. त्यात एक म्हातारा आहे. काही बोलत नाही, नुसता कागद पुढे करतो. त्याच्याही मुलाचा खून झालाय. हिएरोनिमो ते सगळे अर्ज फाडून टाकतो, दातांनी.

हा प्रसंग वाचताना मला नेहमी आमच्या जुन्या ऑफिसातले एक सहकारी आठवतात. कुठलं ऑफिस ते सोडून द्या. स्टोअर सांभाळायचे, पन्नाशीचे, साधे गृहस्थ. न आलेल्या मालाची बिलं पास होताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तक्रार लिहिली. नियम असा, की तक्रार 'थ्रू प्रॉपर चॅनल'च गेली पाहिजे, आणि त्या चॅनलची पहिली पायरी म्हणजे ज्यांची त्या बिलांवर सही होती तेच साहेब. अर्ज तीनदा परत आला. एकदा तारीख नाही म्हणून, एकदा प्रती कमी म्हणून, एकदा नुसताच. चौथ्यांदा अर्ज आला नाही, बदलीचा हुकूम आला. एकदा टपरीवर चहा पिताना ते मला म्हणाले, 'साहेबांची गाडी रोज इथेच उभी असते बघा. एक दगड घालावासा वाटतो काचेवर.' घातला नाही. बदलीच्या गावी गेले. आणि कँटीनमध्ये मी दोन्ही वाक्यं ऐकली, त्याच चार-पाच माणसांच्या तोंडून: 'जरा दमानं घ्यायला हवं होतं त्यांनी', आणि 'माणसात दमच नव्हता हो'. हॅम्लेटचे टीकाकार मला तेव्हापासून याच टेबलाभोवती बसलेले दिसतात.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो. यांचं म्हणणं असं, की त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला सूड हे पापच वाटत होतं. सूड देवानं घ्यायचा, नाहीतर राजानं. म्हणून सूड घेणारा शेवटी मरतो आणि नाटक त्याचा निषेध करतं. एलेनॉर प्रॉसर या बाईंनी १९६७ साली 'हॅम्लेट अँड रिव्हेंज' हे अख्खं पुस्तक याच अंगानं लिहिलं, आणि भुतालाही सैतानाच्या बाजूला उभं केलं. अभ्यास जबरदस्त आहे, वादच नाही. पण चर्चच्या व्यासपीठावरून काय सांगितलं जात होतं यावरून प्रेक्षकाच्या पोटात काय होतं ते कळतं का?

व्यासपीठावरून सांगणारे स्वतः काय करत होते तेही बघा. १५७० साली बंडाविरुद्ध एक मोठं प्रवचन काढलं गेलं, आदल्या वर्षीच्या उत्तरेतल्या उठावानंतर. ते देशभरच्या चर्चमधून वाचून दाखवलं जाई. मतितार्थ असा, की राजा वाईट असला तरी त्याच्यावर हात उचलायचा नाही, सोसायचं. ठीक. मग १५८४ साली काय झालं? हॉलंडमध्ये विल्यम ऑफ ऑरेंजचा खून झाल्यावर एलिझाबेथच्या मंत्र्यांना आपल्या राणीची काळजी वाटू लागली, आणि बर्ली व वॉल्सिंगहॅम यांनी 'बाँड ऑफ असोसिएशन' नावाचं शपथपत्र तयार केलं. त्यावर देशभरातल्या हजारो लोकांनी सह्या केल्या. शपथ कसली? राणीच्या जिवावर कोणी उठलं, तर त्याचा, आणि ज्याच्यासाठी तो उठला असेल त्याचाही, मरेपर्यंत पाठलाग करून सूड घेऊ. ज्याच्यासाठी कट झाला त्याला कटाची कल्पना होती की नाही, हा प्रश्नच नाही. पुढच्या वर्षी पार्लमेंटनं कायदा करताना हे जरा सौम्य केलं, ते सोडा. गंमत म्हणजे नेम जिच्यावर होता त्या स्कॉटलंडच्या मेरीनंही त्यावर सही केली होती. १५८७ साली तिचं डोकं उडवलं. किडचं नाटक याच सुमाराचं. सूड पाप आहे असं सांगणारं राज्य प्रजेकडून सुडाच्या शपथा लिहून घेत होतं, हे नाटकाला आलेल्या लोकांना माहीत नव्हतं असं समजायचं का?

आणि बेकनसाहेब! सुडाचा विषय निघाला की त्यांचा निबंध पुढे केला जातोच. सूड हा रानात माजलेला न्याय आहे, तो कायद्यानं उपटला पाहिजे, असा त्याचा सारांश नेहमी सांगतात. त्याच छोट्याशा निबंधात पुढे काय आहे ते कमी सांगितलं जातं. ज्या अपराधाला कायद्यात उपायच नाही त्याचा सूड त्यातल्या त्यात क्षम्य, असं बेकन म्हणतो. आणि सीझरच्या खुनाबद्दल घेतलेल्या सुडासारख्या जाहीर सुडांचा शेवट बहुतेक चांगलाच झाला, असंही. म्हणजे दार बंद करता करता फट ठेवलीच. हा निबंध छापला गेला १६२५ साली. त्याआधी चार वर्षं, १६२१ मध्ये, हेच बेकनसाहेब इंग्लंडच्या लॉर्ड चॅन्सलरच्या, म्हणजे देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांपैकी एकाच्या खुर्चीवरून खाली उतरवले गेले होते. पक्षकारांकडून पैसे घेतल्याचं त्यांनी कबूल केलं होतं. कायद्यावर सोपवा, हा सल्ला कोण देतंय ते माहीत असलेलं बरं.

स्वतः किडचं काय झालं? मे १५९३ मध्ये त्याला अटक झाली. खोलीत धर्मविरोधी कागद सापडले. ते आपले नसून मार्लोचे आहेत, असं तो सांगत राहिला. त्याचा छळ झाला. सुटल्यावर आश्रयदाता हातचा गेलेला. मग आपलं निर्दोषपण पटवून देण्यासाठी तो बड्या अधिकाऱ्याला, सर जॉन पकरिंगला, विनवणीची पत्रं लिहीत बसला. १५९४ मध्ये पस्तिशीतच वारला. दातांनी अर्ज फाडणारा न्यायाधीश ज्यानं लिहिला, तो शेवटी अर्जदार होऊन गेला.

परत डेन्मार्ककडे. ज्यांना 'निर्णय घेणारा' हॅम्लेट हवाय त्यांच्यासाठी शेक्सपिअरनं त्याच नाटकात एक ठेवलेला आहे, त्याचं नाव लेअर्टिस. बाप मेल्याचं कळताच हा फ्रान्सहून येतो, जमाव घेऊन राजवाड्याचं दार फोडतो, देवळातसुद्धा गळा कापीन म्हणतो. शंका नाही, पुरावा नाही, वाट बघणं नाही. आणि पंधरा मिनिटांत तो क्लॉडियसच्या खिशात असतो. तलवारीला विष लावायची कल्पना तर लेअर्टिसची स्वतःचीच. मर्दासारखा धडाक्यानं सूड घ्यायला निघालेला हा मुलगा खुन्याच्या हातातलं हत्यार बनून मरतो. हॅम्लेटच्या दिरंगाईवर लेख लिहिणाऱ्यांनी लेअर्टिसच्या तडफेवरही एखादा लिहावा.

आणि शेवटी काय होतं? लेअर्टिस मरता मरता सगळ्यांसमोर सांगतो, की यात राजाचा हात आहे. गुन्हा चारचौघांत उघड होण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर हॅम्लेट क्षणभर थांबत नाही, तिथल्या तिथे क्लॉडियसला मारतो. इतका वेळ तो मनाचा दुबळा होता आणि नेमका याच क्षणी बरा झाला, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर म्हणा. मला तर दिसतं, की जे इतका वेळ नव्हतं ते आता मिळालं. आणि तरीही तलवार लागताच दरबारी काय ओरडतात? राजद्रोह, राजद्रोह! राणी मरून पडली आहे, लेअर्टिस कबुली देतोय, पेल्यात विष आहे, आणि दरबाराला अजूनही गुन्हा दिसतो तो राजावर उठलेल्या हाताचा. हा एक शब्द वाचून मग सांगा, त्यानं पहिल्या अंकातच काकाला मारलं असतं तर लोकांनी त्याला काय म्हटलं असतं.

मराठीत हे नाटक आलं त्याची गोष्टही इथे सांगायला हवी. १८८२ साली कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा दिवाणाकडून छळ होतोय असं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापलं. महाराजांना वेड लागलंय, असं सरकार म्हणत होतं. टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांवर भरवसा ठेवला ती बनावट निघाली आणि दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. त्या तुरुंगवासात आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराचं काम केलं. १८८३ साली ते 'विकारविलसित' म्हणून प्रसिद्ध झालं. पुढे गणपतराव जोशांनी हॅम्लेट गाजवला. कैदेतल्या राजाला वेडा ठरवलेलं, दाद मागायची ती त्याच सरकारकडे, आणि पुरावा म्हणून हाती आलेला कागद खोटा. एल्सिनोर याहून वेगळं काय होतं? तो तरुण राजा १८८३च्या डिसेंबरात, तेव्हाच्या अहमदनगरला, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत मेला. आगरकरांबद्दल मला अपार आदर आहे, पण 'विकारविलसित' हे नाव मला पटत नाही. विकार म्हटलं, की दोष त्या पोराच्या मनात जाऊन बसतो. सिंहासनावर बसलेल्याचं नावही त्यात येत नाही.

याचा अर्थ मी सूड घेणाऱ्यांची आरती ओवाळतोय असा कृपया काढू नका. काकाला प्रार्थनेच्या वेळी हॅम्लेट सोडतो, कारण तेव्हा मारलं तर तो स्वर्गात जाईल आणि याला तो नरकात हवाय. डॉ. जॉन्सनला हे शब्द वाचवतसुद्धा नव्हते. पडद्याआडच्या पोलोनियसला तो न बघता भोसकतो. रोझेनक्रँट्झ आणि गिल्डेनस्टर्न या जुन्या मित्रांना मरणाच्या दारात पाठवतो आणि वर म्हणतो, माझ्या मनाला काही टोचत नाही. हिएरोनिमो तर खुन्यांना मारून झाल्यावर कॅस्टिलच्या ड्यूकलाही मारतो. या ड्यूकचा गुन्हा एवढाच, की तो लोरेन्झोचा बाप होता. मुलगा गमावलेल्या बापानं दुसऱ्या मुलाच्या बापाला मारायचं, हे किडनं विसरून लिहिलेलं नाही. ओफेलियाचं नाव तर मी अजून घेतलेलंच नाही. हा पेच या नाटकांनी सोडवलेला नाही. न्यायाधीशच खुनी असेल तर न्याय करणाऱ्याला खुनी व्हावं लागतं, आणि नाही केला तर खुनी न्यायाधीश म्हणून बसून राहतो. ज्यांना यातून सुटकेची तिसरी वाट दिसते त्यांनी ती हिएरोनिमोला दाखवावी. त्यानं नाटकभर तीच तर शोधली.

एक शेवटचं नाटक सांगतो. 'द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी', १६०६च्या आसपासचं, निनावी छापलेलं. पूर्वी सिरिल टर्नरच्या नावावर होतं, आता बहुतेक अभ्यासक मिडलटनचं मानतात. यातल्या विंदिचेला सुडाची चटकच लागलेली आहे. ज्या म्हाताऱ्या ड्यूकनं त्याच्या प्रेयसीला विष दिलं, त्याला तो तिच्याच कवटीला विष लावून मारतो, आणि मारताना मजा घेतो. त्याच राज्यात अँतोनिओ नावाचा सज्जन सरदार आहे. त्याच्या बायकोवर ड्यूकच्या सावत्र मुलानं बलात्कार केला, तिनं जीव दिला, आणि कोर्टानं आरोपीला नुसतं लटकवत ठेवलं (म्हणजे खटला हो!). शेवटी विंदिचे आणि त्याचा भाऊ त्या साऱ्या घराण्याचा निकाल लावतात आणि अँतोनिओ गादीवर येतो. आता राज्य भल्या माणसाचं. विंदिचे खुशीत येऊन त्याला सांगून टाकतो, की म्हाताऱ्या ड्यूकला आम्हीच मारलं, तुमच्या भल्याचंच झालं की. अँतोनिओ लगेच दोघांना मृत्युदंड फर्मावतो. कारणही देतो. ज्यांनी त्याला मारलं ते उद्या मलाही मारतील.